सर्रा : घोड्याच्या रक्तातला बहुरूपी

पावसाळा सरत आला की घोडेवाल्यांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते. घोड्याला ताप येतो, दोन-चार दिवसांत उतरतो आणि आठवड्याभराने पुन्हा चढतो. खाणे चालू असते, तरी अंग झडत जाते. पोटाखाली आणि पायांवर सूज दिसते. डॉक्टर रक्ताचा थेंब काचेवर घेऊन तपासतात, काहीच सापडत नाही. पुढच्या आठवड्यात त्याच घोड्याच्या रक्तात वळवळणारे जंतू ढिगाने दिसतात. मालकाला वाटते, पहिली तपासणी चुकली. बहुतेक वेळा ती चुकलेली नसते. दोन्ही निकाल खरे असतात, आणि तसे का होते याचे कारण त्या जंतूच्या अंगावरच्या एका प्रथिनात दडलेले आहे.

रोगाचे नाव सर्रा. माथेरानचे घोडे, सारंगखेड्याच्या यात्रेत विकायला येणारी जनावरे, मेंढरांमागे फिरणारी धनगरांची घोडी, वरातीचे घोडे, रेसकोर्सवरचे थरोब्रेड, यांपैकी कोणालाही तो गाठू शकतो. वेळेत उपचार झाले नाहीत तर जंतू मेंदूपर्यंत पोचतो, घोडा मागच्या पायांनी झोकांड्या खाऊ लागतो आणि बऱ्याचदा मरतो.

जंतू कोण आणि येतो कुठून?

या जंतूचे शास्त्रीय नाव ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय. तो एकपेशीय परजीवी आहे, म्हणजे दुसऱ्या प्राण्याच्या जिवावर जगणारा. लांबी साधारण 25 मायक्रॉन, मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाइतकी. एका बाजूने पातळ पडद्यासारखी झालर आणि पुढे निघालेली कशाभिका, म्हणजे पोहण्यासाठीचा बारीक धागा. तांबड्या पेशींना ढुशा मारत तो रक्तात पोहत असतो. पेशीच्या आत मात्र शिरत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण पुढचे सगळे नाट्य तिच्यामुळेच घडते. मलेरियाचा जंतू तांबड्या पेशीत लपून बसतो. हा उघड्यावर राहतो, शरीराच्या पहारेकऱ्यांच्या डोळ्यांदेखत.

त्याचा शोध आपल्याच उपखंडात लागला. 1880 मध्ये ग्रिफिथ इव्हान्स या ब्रिटिश लष्करी पशुवैद्यकाने डेरा इस्माईल खान येथे, म्हणजे तेव्हाच्या पंजाबात आणि आजच्या पाकिस्तानात, घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात तो पाहिला. आजारी जनावराचे रक्त निरोगी जनावराला टोचून रोग होतो हेही त्याने दाखवले. तेव्हाच्या जाणकारांनी ते सहजी मानले नाही. तसेच दिसणारे जंतू दोन वर्षांपूर्वी कोलकात्यात उंदरांच्या रक्तात सापडले होते आणि उंदीर ठणठणीत होते. त्यामुळे असले जंतू निरुपद्रवी असतात असा समज होता. पुढे इव्हान्स बरोबर ठरला आणि जंतूला त्याचेच नाव मिळाले.

आफ्रिकेतला निद्रारोग याच्या चुलतभावामुळे होतो आणि त्से-त्से माशीवाचून तो पसरत नाही. इव्हान्सायने ते बंधन झुगारले आहे. माशीच्या पोटात वाढण्यासाठी लागणारे जनुकीय साहित्य त्याने गमावले, आणि त्याबरोबर माशीची गरजही संपली. आपल्याकडची घोडमाशी एका जनावराला चावते, ते शेपटी मारून तिला हाकलते, ती ओल्या रक्ताने माखलेल्या तोंडानिशी शेजारच्या जनावरावर बसते. एवढे पुरते. म्हणून तो उत्तर आफ्रिकेपासून फिलिपिन्सपर्यंत पसरला आणि दक्षिण अमेरिकेतही पोचला. तिथे रक्तपिपासू वटवाघळेही त्याचा प्रसार करतात. म्हशी आणि गाई अनेकदा काही न दाखवता त्याला अंगात बाळगतात. घोडा, उंट आणि कुत्रा मात्र त्याच्यापुढे लवकर ढासळतात.

अंगभर एकच प्रथिन

1960 च्या दशकाअखेर कीथ व्हिकरमन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या कुळातल्या जंतूंच्या अंगावर एक दाट थर पाहिला. 1975 मध्ये जॉर्ज क्रॉस यांनी तो थर ज्या प्रथिनाचा बनतो ते वेगळे काढले. त्याला व्हीएसजी म्हणतात. पूर्ण नाव व्हेरिएंट सरफेस ग्लायकोप्रोटीन, सरळ सांगायचे तर पृष्ठभागावरचे बदलते प्रथिन. एका जंतूच्या अंगावर त्याच्या सुमारे एक कोटी प्रती असतात, अगदी खेटून उभ्या. चरबीसारख्या एका रेणूने त्या पेशीच्या पटलात रोवलेल्या असतात. महत्त्वाचे म्हणजे या कोटभर प्रती एकाच नमुन्याच्या असतात.

घोड्याच्या शरीराने शत्रू ओळखायचा तो त्याच्या बाहेरच्या रूपावरून. रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्या रूपाला नेमकी चिकटणारी प्रथिने तयार करतात. त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. प्रतिपिंडे चिकटली की जंतू मारला जातो. पण व्हीएसजीचा थर इतका दाट आहे की आतल्या, कधीच न बदलणाऱ्या प्रथिनांपर्यंत प्रतिपिंडे नीट पोचत नाहीत. त्यांना दिसते ते एवढेच एक रूप, आणि तेच रूप जंतू टाकून देऊ शकतो.

रूप बदलते म्हणजे नेमके काय होते?

इथे गावोगाव फिरणाऱ्या बहुरूप्याची आठवण काढली की सगळे उलगडते. बहुरूप्याच्या पेटीत सोंगे पुष्कळ, अंगावर मात्र एका वेळी एकच. जंतूची पेटी म्हणजे त्याचा जनुकसंच. या कुळातल्या ज्या जंतूचा सर्वांत बारकाईने अभ्यास झाला आहे, त्या ट्रिपॅनोसोमा ब्रुसीत व्हीएसजीची दोन हजारांवर जनुके सापडली. इव्हान्साय हा त्याचा अगदी जवळचा नातलग. गुणसूत्रांच्या टोकांजवळ काही ठरावीक जागा असतात आणि तिथे बसलेल्याच जनुकाचे प्रथिन बनू शकते. त्यांतलीही एकच जागा एका वेळी चालू असते.

घोड्याचे शरीर आठवड्याभरात चालू सोंग ओळखते आणि त्यावर प्रतिपिंडे सोडते. जंतू पटापट मरतात, ताप उतरतो, रक्त स्वच्छ दिसते. पण त्या लाखो जंतूंतल्या मोजक्यांनी तोवर सोंग पालटलेले असते. धोका ओळखून त्यांनी ते केलेले नसते, पालटणे आपोआप अधूनमधून होतच असते. ज्यांनी पालटले ते वाचतात, दुभंगत वाढतात आणि पुन्हा ताप येतो. 1910 मध्ये लिव्हरपूलमध्ये रॉस आणि थॉमसन यांनी निद्रारोगाच्या एका रुग्णाच्या रक्तातले जंतू रोजच्या रोज मोजले, तेव्हा ही भरती-ओहोटी आलेखावर स्पष्ट उमटली. कारण कळायला मात्र आणखी सहा दशके लागली.

पेटीतली बहुतेक सोंगे फाटकी असतात, हे मला यातले सर्वांत विलक्षण वाटते. दोन हजारांतली बरीचशी जनुके अर्धवट आहेत, एकटी वापरताच येत नाहीत. पण जंतू त्यांचे तुकडे एकमेकांना जोडून पूर्वी कधीच नसलेले सोंग उभे करतो. त्यामुळे पेटी रिती होण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. आणि ही बदली शिस्तीत एकामागून एक होते असेही नाही. 2015 मध्ये उंदरांवर केलेल्या अभ्यासात एकाच वेळी, एकाच प्राण्याच्या रक्तात डझनावारी वेगवेगळी रूपे धारण केलेले जंतू आढळले. प्रत्येक जंतूच्या अंगावर एकच सोंग, पण सगळे मिळून कितीतरी.

सोंग ओळखले गेले तरी जंतू लगेच हार मानत नाही. तो सतत पोहत असतो. अंगाला चिकटलेली प्रतिपिंडे पाण्याच्या ओढीने मागे सरकत जातात आणि कशाभिकेच्या बुडाशी असलेल्या एका खोबणीत पोचतात. जंतू ती तिथून आत ओढून पचवून टाकतो. प्रतिपिंडे थोडी असतील तोवर हा उपाय त्याला पुरतो. त्यांचा मारा वाढला की पुरत नाही.

मग घोड्याचे पाय का लुळे पडतात?

ताप, रक्तक्षय आणि खंगणे हे रक्तातल्या लढाईचे परिणाम. मज्जासंस्थेचा बिघाड नंतर येतो. मेंदूभोवतीच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती एरवी फार निवडक गोष्टी आत सोडतात. रोग लांबला की काही जंतू ती भिंत ओलांडतात, आणि मेंदूला व मज्जारज्जूला सूज येते. घोडा मागचा भाग सावरू शकत नाही, गोल गोल फिरतो, डोके भिंतीला लावून उभा राहतो, कधी एका डोळ्याने आंधळा होतो. दक्षिण अमेरिकेत स्पॅनिश भाषेत या रोगाचे नावच ‘माल दे कादेरास’, म्हणजे पुठ्ठ्यांचे दुखणे, असे आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. मागचे पाय लटपटले की सर्राच, असे नाही. आपल्याकडे कुमरी नावाचा रोग आहे. गुरांच्या पोटात राहणाऱ्या सेटारिया या सूतकृमीच्या पिल्लांना डास घोड्यात पोचवतात, ती वाट चुकून मज्जारज्जूत शिरतात आणि घोडा असाच कमरेत बसतो. दोन्हींची औषधे वेगळी. तपासणीवाचून अंदाजाने सुई टोचली तर हाती असलेले दिवस वाया जातात.

“रक्त स्वच्छ आले, मग घोडा बरा ना?”

नाही. सूक्ष्मदर्शकाखाली ओला थेंब पाहून जंतू दिसायचा तर एका मिलिलिटर रक्तात ते लाखभर तरी असावे लागतात. ओहोटीच्या दिवसांत ते त्याहून खूप कमी असतात. म्हणून ताप चढलेला असताना रक्त घ्यावे आणि पहिल्या वेळी काही दिसले नाही तर पुन्हा घ्यावे. पीसीआर ही जंतूचे जनुकीय साहित्य शोधणारी चाचणी बरेच कमी जंतूही पकडते. देशात घोड्यांच्या रोगांवर काम करणारी मोठी संस्था म्हणजे हरियाणातल्या हिस्सारचे राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र. तिथे सर्राच्या निदानावर दीर्घकाळ काम झाले आहे.

दुसरी वाट म्हणजे जंतूऐवजी त्याच्या खुणा शोधणे, आणि इथे ते बदलते प्रथिनच उपयोगी पडते. सोंगे असंख्य असली तरी काही सोंगे बहुतेक जंतू सुरुवातीलाच चढवतात. इंडोनेशियातल्या एका म्हशीकडून 1982 मध्ये मिळालेल्या जंतूचे असेच एक रूप रोटॅट 1.2 या नावाने ओळखले जाते. ते रूप असलेले मारलेले, निळे रंगवलेले जंतू कार्डावर घ्यायचे आणि वर जनावराच्या रक्तद्रवाचा थेंब टाकायचा. त्या रूपाविरुद्धची प्रतिपिंडे असतील तर निळ्या गुठळ्या दिसतात. काही मिनिटांत गोठ्याशेजारी होणारी ही चाचणी आहे.

तिच्या दोन मर्यादा आहेत. केनियातल्या काही जंतूंकडे हे रोटॅट 1.2 चे जनुकच नाही, त्यामुळे तिथे ती हुकते. आणि प्रतिपिंडे म्हणजे जुनी खूण. जंतू मेल्यानंतरही ती काही महिने रक्तात राहतात. गुठळी दिसली याचा अर्थ या जनावराची जंतूशी गाठ पडली होती, इतकाच.

अमेरिकेतला घोळ

हा मुद्दा नीट समजायला अमेरिकेतला एक वेगळा रोग पाहण्यासारखा आहे. तिथल्या घोड्यांच्या मज्जारज्जूत सार्कोसिस्टिस न्युरोना नावाचा परजीवी शिरतो. त्याला हे नाव 1991 मध्ये मिळाले. ओपोसम या पिशवीवाल्या प्राण्याच्या विष्ठेतून तो चाऱ्यात येतो. भारतात ओपोसम नाही, म्हणून हा रोगही इथला नाही. त्या भागांतून आयात केलेल्या घोड्याच्या बाबतीतच त्याचा विचार करावा लागतो.

सार्कोसिस्टिस मात्र पेशींच्या आत राहतो. त्याला सतत सोंग पालटायची गरज पडत नाही. त्याच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांना सॅग म्हणतात. सॅग 2, 3 आणि 4 सर्व वाणांत सापडतात. 1, 5 आणि 6 यांपैकी मात्र एका वाणाकडे कोणतेही एकच असते. सुरुवातीला सॅग 1 वर आधारलेल्या चाचण्या निघाल्या आणि ज्या वाणाकडे ते नव्हतेच तो त्यांतून निसटला. म्हणून पुढे 2, 3 आणि 4 वर बेतलेल्या चाचण्या आल्या. याच प्रथिनांच्या जनुकांवरून वाणही ओळखता येतात. 2004 मध्ये कॅलिफोर्नियाच्या मोरो बे किनाऱ्यावर चाळिसेक समुद्री पाणमांजरे मेली, तेव्हा त्यामागे या परजीवीचा एकच वाण होता हे असेच कळले.

अमेरिकेच्या कित्येक भागांत निम्म्याहून अधिक घोड्यांच्या रक्तात या परजीवीविरुद्धची प्रतिपिंडे सापडतात. रोग मात्र, 1998 च्या राष्ट्रीय पाहणीनुसार, वर्षाला दहा हजारांत 14 घोड्यांना होतो. नुसत्या रक्तावरून निदान केले तर हजारो निरोगी घोड्यांना महागडी औषधे दिली जातील. म्हणून तिथले डॉक्टर मणक्यातला द्रवही काढतात आणि रक्तातल्या प्रतिपिंडांच्या मानाने त्यातली प्रतिपिंडे किती हे पाहतात. द्रवातले प्रमाण अपेक्षेपेक्षा जास्त असेल तर ती तिथेच तयार झाली, म्हणजे परजीवीही तिथे आहे, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे सर्राचे कार्ड वाचतानाही हा विवेक हवा. कार्ड, ताप, रक्तक्षय आणि घोड्याची चाल हे सगळे मिळून निदान होते.

“माणसाला होतो का?”

बहुतेक सर्वांना होत नाही, आणि त्याचे श्रेय आपल्या रक्तातल्या ॲपोएल-1 या प्रथिनाला आहे. जंतू ते अन्न समजून आत घेतो. आत गेल्यावर ते त्याला भोके पाडते आणि जंतू फुगून फुटतो. घोड्याकडे हे प्रथिन नाही.

2004 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात मात्र इव्हान्साय सापडला. ताप सर्रासारखाच चढउतार करणारा. माणसाला हा जंतू झाल्याची पक्की नोंद झालेली जगातली ही पहिली घटना, आणि ती महाराष्ट्रातली. सुरामिन हे निद्रारोगावरचे औषध देऊन तो बरा झाला. पुढे तपासले तेव्हा आईकडून आणि वडिलांकडून आलेली त्याची ॲपोएल-1 ची दोन्ही जनुके बिघडलेली निघाली. त्याच्या रक्तात ते प्रथिनच नव्हते. प्रयोगशाळेत ते त्याच्या रक्तद्रवात मिसळताच जंतू मरू लागले.

त्याच्या गावात 1806 लोकांची तपासणी झाली. 22.7 टक्के लोकांत जंतूविरुद्धची प्रतिपिंडे सापडली. त्यांपैकी ज्यांचे रक्त जंतूसाठी तपासले, त्यांत तो एकाच्याही नव्हता. संपर्क पुष्कळांचा आला, रोग दुसऱ्या कोणाला झालेला दिसला नाही. पुढे व्हिएतनाममध्ये एका बाईंना ॲपोएल-1 शाबूत असूनही हा रोग झाला. त्यामुळे हातावर जखम असताना आजारी जनावराचे रक्त किंवा कच्चे मांस हाताळू नये, ही काळजी रास्तच आहे.

पूर्व आफ्रिकेतल्या निद्रारोगाच्या जंतूने ॲपोएल-1 वरही तोड काढली आहे. त्याच्याकडे एसआरए नावाचे प्रथिन आहे, ते ॲपोएल-1 ला जखडून निकामी करते. एसआरएचे मूळ व्हीएसजीचे जनुकच. पेटीतले एक सोंग कापून त्याने हत्यार बनवले.

“इतके कळले, तर लस का निघत नाही?”

लस म्हणजे शरीराला शत्रूचे रूप आधी दाखवून ठेवणे. एक व्हीएसजी दाखवली तर त्याच एका रूपापासून संरक्षण मिळते आणि जंतू दुसरे घेतो. शंभर दाखवल्या तरी तुकडे जोडून तो एकशे एकावे तयार करतो. शिवाय उंदरांत असे दिसले की या कुळातला जंतू शरीराची जुनी रोगस्मरणे साठवणाऱ्या पेशीच संपवतो.

थराखाली दडलेले, न बदलणारे प्रथिन सापडले तर गोष्ट निराळी होईल. 2021 मध्ये ट्रिपॅनोसोमा व्हायव्हॅक्स या गुरांच्या जंतूत असे एक प्रथिन सापडले. ते कशाभिकेवर असते, आणि त्याची लस दिलेले उंदीर रोगापासून वाचले. व्हायव्हॅक्स हा इव्हान्सायचा दूरचा नातलग, त्याचा बाहेरचा थरही तितका दाट मानला जात नाही. तरीही अशा जंतूवर लस चालूच शकत नाही, हा अनेक दशकांचा समज त्या प्रयोगाने हलवला, आणि मला ती फार मोलाची गोष्ट वाटते.

तोवर घोडेवाल्याने काय करायचे?

औषधे आहेत, पण जुनी. आपल्याकडे घोड्यांसाठी मुख्य वापर क्विनापायरामिनचा. त्याचा सल्फेट क्षार लगेच काम करतो, क्लोराइड हळूहळू विरघळून काही काळ संरक्षण देतो, म्हणून दोन्ही एकत्र देतात. सुई टोचल्या जागी सूज येते, घोडा घामेघूम होतो, लाळ गाळतो. त्यामुळे ती डॉक्टरांनीच द्यावी. घोडा घाबरला म्हणून अर्धी मात्रा देण्याचा मोह फार महागात पडतो. अर्ध्या मात्रेतून वाचलेले जंतू औषधाला दाद न देणारे होतात आणि पुढच्या घोड्यालाही तेच लागतात. गुरांना देतात ते डिमिनाझीन घोड्याला नीट मानवत नाही, तेव्हा शेजारच्या म्हशीची बाटली आणून टोचू नये.

ही औषधे मेंदूच्या भिंतीपलीकडे फारशी पोचत नाहीत. रक्तातले जंतू मरतात, आत शिरलेले राहतात आणि काही आठवड्यांनी परत बाहेर येतात. म्हणून पाय लटपटण्याची वाट न पाहता पहिल्या-दुसऱ्या तापालाच रक्त तपासून घ्यावे, आणि उपचारानंतर घोडा तरतरीत दिसला तरी पुढचे काही महिने अधूनमधून पीसीआर करावी. यात्रेतून नवे जनावर आणले तर तपासणी होईपर्यंत ते वेगळे बांधावे. पावसाळ्यात आणि त्यानंतर घोडमाश्या वाढतात, तेव्हा तबेल्यात जाळी लावावी, शेण-लीद साचू देऊ नये, आणि शक्य असेल तिथे घोड्यांचा तबेला गुराढोरांच्या गोठ्यापासून लांब ठेवावा. घोडमाशी अर्धवट राहिलेले जेवण पुरे करायला सहसा जवळच्याच जनावराकडे वळते.